शिक्षण परिषदेत वर्गातील काम मांडताना: तयारीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

परिषदेत सादरीकरण करायचे ठरले की बहुतेक शिक्षक सर्वांत आधी पीपीटी उघडतात. मग मोबाइलमधील छायाचित्रे शोधली जातात, ती अपुरी पडली की मुलांना पुन्हा गोलात बसवून नवी काढली जातात, आणि शेवटी आदल्या रात्री ‘उपक्रमाचे फलित’ या शीर्षकाखाली टाकायला आकडे जुळवले जातात. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या शिक्षण परिषदेत, ‘डाएट’च्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या कार्यक्रमांत आणि महाविद्यालयांच्या चर्चासत्रांत मी ऐकलेली जी सादरीकरणे फसली, त्यांतील बहुतेक वक्तृत्वाच्या अभावाने फसली नाहीत, तर या उलट्या क्रमाने फसली. शिक्षकाने वर्गात काम खरोखर केलेले असते, पण मुलाच्या शिकण्याचा पुरावा वेळच्या वेळी कोणी जपलेला नसल्यामुळे समोर बसलेल्यांना ते दिसत नाही.

पुढील क्रमात पीपीटी सातव्या टप्प्यावर येते, आणि तिला त्याआधी हात लावू नये असाच माझा आग्रह आहे. सर्व टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेतले आहे: दुसरीतील मुले ‘पस्तीस’ ऐकून ५३ लिहितात. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दशक आधी येतो, त्यामुळे ही चूक पहिली-दुसरीच्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे.

टप्पा १: विषय नको, एक अडचण निवडा

‘ज्ञानरचनावादातून आनंददायी गणित’ हा विषय आहे. ‘पस्तीस ऐकून मूल ५३ लिहिते’ ही अडचण आहे. विषय घेतला की सादरीकरणात दहा उपक्रम येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक छायाचित्र येते. अडचण घेतली की एकच गोष्ट खोलवर सांगता येते. निवड करताना वहीकडे पाहावे. माझ्या वर्गातील एका मुलीच्या वहीत ‘पस्तीस’साठी ५३ लिहिलेले होते, ते खोडून ३५ केले होते आणि पुन्हा खोडून ५३ केले होते, खोडरबराने कागद पातळ झाला होता. त्या एका ओळीवरून कळत होते की तिला संख्या येत नाही असे नाही, तिच्या कानाचा आणि हाताचा क्रम जुळत नाही. परिषदेत मांडण्याजोगी अडचण अशी असते.

तपासणी: आपली अडचण एका वाक्यात, मुलाची नेमकी कृती सांगून लिहिता येते का? वाक्यात ‘गुणवत्ता’, ‘सर्वांगीण’ किंवा ‘अभिरुची’ हे शब्द आले असतील, तर अजून अडचण सापडलेली नाही.

टप्पा २: काम सुरू करण्याआधीची स्थिती नोंदवा

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात आणि येथे झालेली चूक नंतर कशानेही भरून काढता येत नाही. ‘आधी मुलांना येत नव्हते, आता येते’ असे सांगणाऱ्याने ‘आधी’ म्हणजे काय हे कागदावर दाखवले पाहिजे. नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे, म्हणजे ‘पॅट’चे, गुण यासाठी पुरेसे नसतात, त्यांवरून मूल गणितात कोठे आहे याचा अंदाज येतो, पण ते नेमकी कोणती चूक करते हे कळत नाही. त्यामुळे अडचणीपुरती एक छोटी चाचणी स्वतः तयार करावी लागते, आणि ती तयार करताना डोके वापरावे लागते.

आपल्या उदाहरणात दहा संख्यांचे श्रुतलेखन पुरेल. मात्र त्यांत ३३, ४४ किंवा ६६ घेऊन उपयोग नाही, कारण अंकांची अदलाबदल झाली तरी ती तेथे दिसतच नाही. ‘एकोण’च्या संख्या मात्र अवश्य घ्याव्यात, कारण त्या दोन वेगळ्या चुका वेगळ्या करून दाखवतात. ‘एकोणचाळीस’ ऐकून मुलाने ९३ लिहिले, तर अंकांची अदलाबदल झाली आहे. ४९ लिहिले, तर त्याने ‘चाळीस’ ऐकले पण ‘एकोण’ म्हणजे एक कमी हे त्याला उमगलेले नाही. आणि ९४ लिहिले, तर दोन्ही चुका एकाच उत्तरात आहेत. नुसते ‘चूक’ म्हणून लाल फुली मारणारा शिक्षक ही तीन मुले एकाच रांगेत बसवतो.

पहिल्या चाचणीत २७, ३५, ३९, ४६, ५२, ५९, ६४, ६९, ७१, ८३ या संख्या घेतल्या, तर शेवटच्या चाचणीत २९, ३६, ४५, ४९, ५३, ६२, ७४, ७९, ८१, ९७ घेता येतील. दोन्ही संचांत ‘एकोण’च्या तीन आणि ‘बावन्न’, ‘त्रेपन्न’ अशा पन्नाशीच्या उच्चाराची एक संख्या आहे. संख्या बदलल्या, पण काठिण्य बदलले नाही. दोन्ही वेळा तोच संच दिला, तर मुलांनी तो पाठ केला अशी शंका येते. दुसऱ्या वेळी सोपा संच दिला, तर प्रगती खोटी ठरते.

सावधान: दोन्ही चाचण्यांत संख्या सारख्याच पद्धतीने उच्चारा. पहिल्या वेळी नुसते ‘पस्तीस’ म्हणायचे आणि शेवटच्या वेळी नकळत ‘पस्तीस, तीन दशक पाच’ असे म्हणायचे, हे आपल्या हातून सहज घडते. प्रत्येक संख्या दोनदा आणि इतर काहीही न बोलता उच्चारावी.

टप्पा ३: काम चालू असतानाच्या नोंदी ठेवा

दैनिक टाचण म्हणजे नोंद नव्हे. टाचणात काय करायचे ठरले होते ते असते. येथे काय घडले ते हवे. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चार-पाच ओळी पुरतात: तारीख, काय केले, कोणत्या मुलाने काय उत्तर दिले आणि आपण पुढे काय बदलले. काड्यांचे गठ्ठे वापरून ‘पस्तीस’मध्ये आधी ‘तीस’ शोधायचे, तीन गठ्ठे उचलायचे, मग पाच सुट्या काड्या ठेवायच्या आणि त्याच क्रमाने लिहायचे, ही कृती चांगली चालते. पण पन्नाशीच्या घरात ती लंगडी पडते, कारण ‘बावन्न’ किंवा ‘सत्तावन्न’मध्ये ‘पन्नास’ हा शब्द मुलाच्या कानाला ऐकूच येत नाही. ही गोष्ट ज्या दिवशी लक्षात आली त्याच दिवशी लिहून ठेवली नाही, तर दोन महिन्यांनी ती आठवत नाही, आणि परिषदेत श्रोत्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडते ती नेमकी तीच.

मुलांच्या वह्यांची पाने लगेच टिपून ठेवा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, वही सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता छायाचित्र घ्यावे, आणि नाव असलेला भाग चौकटीबाहेर ठेवावा. चुकीच्या पानांची छायाचित्रे बरोबर असलेल्या पानांपेक्षा जास्त हवीत.

हजेरीही याच नोंदीत हवी. ज्या शाळांत ऊसतोड कामगारांची मुले आहेत तेथे दिवाळीच्या आसपास पट हलतो आणि पहिली चाचणी दिलेली काही मुले शेवटच्या चाचणीला वर्गात नसतात. त्यांना गुपचूप वगळून उरलेल्यांची प्रगती दाखवणे ही फसवणूक ठरते, मग हेतू कितीही चांगला असो. ‘पहिली चाचणी चोवीस मुलांनी दिली, दोन्ही चाचण्या एकोणीस मुलांनी दिल्या, पाच मुले स्थलांतरित झाली’ असे सरळ लिहावे.

टप्पा ४: परिषद कोणती ते पाहा, मग परवानगी आणि संमती घ्या

केंद्राच्या शिक्षण परिषदेत समोर आपल्यासारखेच शिक्षक असतात. त्यांना कृती हवी असते आणि ती उद्या वर्गात करता यावी अशी त्यांची अपेक्षा असते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेत अहवालाचा आराखडा ठरलेला असतो, तो पाळावाच लागतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या एपिस्टीमसारख्या संशोधन परिषदेत लेखनाचे परीक्षण होते आणि पूर्वीच्या संशोधनाशी आपले काम कसे जोडले जाते हे सांगावे लागते. एकच काम तिन्ही ठिकाणी नेता येते, पण एकच मजकूर नेता येत नाही.

महाविद्यालयांच्या एकदिवसीय चर्चासत्रांबाबत एक इशारा आवश्यक वाटतो. शुल्क भरले की शोधनिबंध ‘आयएसबीएन क्रमांकासह’ छापून मिळेल, अशी जाहिरात पुष्कळदा येते. आयएसबीएन ही पुस्तकाची ओळख पटवणारी तेरा अंकी संख्या आहे आणि आयएसएसएन ही नियतकालिकाची आठ अंकी संख्या आहे. त्या मिळाल्या म्हणजे आतील मजकूर कोणी तपासला असा अर्थ होत नाही. निबंध कोण वाचणार, मांडायला किती मिनिटे मिळणार आणि चर्चा होणार का, हे तीन प्रश्न आयोजकांना विचारावेत. उत्तरे टाळली गेली, तर तेथे जाण्यात फक्त प्रमाणपत्र हाती लागते.

तालुक्याबाहेर जायचे असेल, तर मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज सारांश पाठवण्याआधीच करावा. निवड झाल्यावर अर्ज करणारे शिक्षक शेवटी किरकोळ रजा टाकून जातात. द्विशिक्षकी शाळेत त्या दिवशी दोन-दोन वर्ग कोण सांभाळणार, हेही अर्जातच लिहिले तर परवानगी लवकर मिळते.

संमतीचा भाग बहुतेक जण विसरतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी गावातील एका मुलाची चुकांनी भरलेली वही त्याच्या नावासह दीडशे लोकांना दाखवणे योग्य नाही. पालकांना शाळेत बोलावून काय दाखवणार, कोठे दाखवणार आणि नाव-चेहरा दिसणार का, हे मराठीत समजावून सांगावे व सही घ्यावी. मुलालाही विचारावे. त्याने नको म्हटले, तर ते पान वापरू नये.

सावधान: वर्षाच्या सुरुवातीला सर्व पालकांकडून घेतलेली ‘छायाचित्रास हरकत नाही’ ही सरसकट सही या कामासाठी धरू नका.

टप्पा ५: सारांश लिहा

साधारण अडीचशे शब्दांच्या सारांशात वर्ग व पटसंख्या, अडचण, केलेली कृती व तिचा कालावधी, काय आढळले आणि काय जमले नाही, एवढे पाच मुद्दे याच क्रमाने यावेत. शिक्षणाचे महत्त्व, एकविसाव्या शतकातील कौशल्ये आणि थोरांची वचने यांना येथे जागा नाही. पहिले वाक्य थेट वर्गात उघडले पाहिजे. शीर्षकही तसेच असावे. ‘पस्तीस ऐकून ५३ लिहिणाऱ्या मुलांसोबत सहा आठवडे’ असे शीर्षक दिले, तर दुसरीचा कोणताही शिक्षक ते ऐकून आत येऊन बसेल.

आकड्यांबाबत एक नियम कटाक्षाने पाळावा: मुले पन्नासपेक्षा कमी असतील, तर टक्के लिहू नयेत. आठपैकी सहा मुलांना जमले, तर ‘आठपैकी सहा’ असेच लिहावे. ‘७५ टक्के’ लिहिले की वाचणाऱ्याला मोठ्या अभ्यासाचा भास होतो. ‘शंभर टक्के प्रगत’ हे शब्द तर अनुभवी परीक्षकाच्या मनात लगेच शंका निर्माण करतात. त्याच काळात वर्गात आणखी काय घडले, उदाहरणार्थ संख्यावाचनाचा रोजचा परिपाठ सुरू झाला का, हेही सांगावे, म्हणजे सर्व श्रेय आपल्या कृतीला देण्याची चूक होत नाही.

टप्पा ६: बोलणे बेता, दोन लांबींमध्ये

पंधरा मिनिटे मिळाली आहेत असे धरू. एक मिनिट वर्गाची ओळख, तीन मिनिटे चूक आणि तिचा अर्थ, पाच मिनिटे कृती, तीन मिनिटे आढळलेला बदल, एक मिनिट न जमलेली गोष्ट, आणि उरलेली दोन मिनिटे मोकळी. कृतीची पाच मिनिटे नुसती सांगण्यात घालवू नयेत. श्रोत्यांना मराठीत संख्या सराईत येतात, त्यामुळे त्यांना मुलाची अडचण जाणवतच नाही. म्हणून त्यांना एखाद्या कल्पित भाषेतील उलट्या क्रमाच्या पाच संख्या पटापट लिहायला लावाव्यात. दोन-तीन जण हमखास चुकतात, हशा होतो, आणि त्यानंतर वहीचे पान दाखवले की ते वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

आता सात मिनिटांची आवृत्तीही तयार करा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक यांत सकाळ जाते आणि जेवणाच्या सुट्टीआधी उरलेल्या वक्त्यांना ‘थोडक्यात घ्या’ अशी चिठ्ठी येते, हे गृहीतच धरावे. चिठ्ठी आल्यावर वेगाने बोलणे हा उपाय नव्हे. काय गाळायचे ते घरीच ठरवून ठेवावे: वर्गाची ओळख एका वाक्यात, कृतींपैकी एकच, बदल दोन मुलांच्या वह्यांवरून. चुकीचे पान आणि न जमलेली गोष्ट मात्र गाळू नये.

तपासणी: ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून पहिल्या उपयोगी वाक्यापर्यंत किती सेकंद जातात ते मोजा. वीसपेक्षा जास्त जात असतील, तर कापा.

टप्पा ७: आता पीपीटी

सात-आठ पाने पुरतात. जे तोंडाने सांगणार ते पानावर लिहू नये. पानावर वहीचे छायाचित्र, चाचणीतील संख्या आणि एखादा साधा तक्ता असावा. अक्षरे किमान २८ पॉइंटची हवीत, कारण जोडाक्षरे आणि मात्रा शेवटच्या रांगेतून लवकर धूसर होतात. मुलांचे चेहरे दाखवण्याऐवजी हात, काड्या आणि वही दाखवावी. त्यात शिकणे जास्त दिसते.

मजकूर युनिकोडमध्येच टंकलेखित करावा. मी एकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली पीपीटी घेऊन गेले होते; सभागृहातील संगणकात तो फॉन्ट नव्हता आणि पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे व चिन्हांची खिचडी उमटली. त्या दिवशी पिशवीत काड्यांचे गठ्ठे होते म्हणून निभावले. तेव्हापासून पीपीटीसोबत तिची पीडीएफ प्रत मी नेहमी ठेवते, एक पेनड्राइव्हमध्ये आणि एक स्वतःच्या ईमेलवर. चित्रफीत असेल, तर तिची फाइल सोबत न्यावी. सभागृहातील इंटरनेटवर विसंबून लिंक देऊ नये. प्रोजेक्टरची जोडणी जुनी असली, तर नव्या लॅपटॉपला जोडणारे कन्व्हर्टर लागते, ते आपलेच असावे. आणि वीज गेली तर? कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत काढलेला एक तक्ता, ज्यावर ‘एकोणचाळीस’ची तीन चुकीची उत्तरे आहेत, एवढ्यावर संपूर्ण सादरीकरण करता आले पाहिजे.

टप्पा ८: सराव आणि प्रश्नांची तयारी

सराव आरशासमोर करण्यापेक्षा दुसरा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्यासमोर, घड्याळ लावून करावा. त्याला शेवटी फक्त एकच विचारावे: ‘मुलांची अडचण काय होती?’ त्याचे उत्तर आपल्या पहिल्या टप्प्यातील वाक्याशी जुळले नाही, तर दोष मांडणीत आहे.

प्रश्न बहुधा ठरलेले असतात. ‘आमच्या बहुवर्ग शाळेत हे कसे करायचे?’ हा पहिला. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत दिली आणि त्यावर बराच वाद झाला, त्यामुळे ‘त्या पद्धतीबद्दल तुमचे मत काय?’ हा दुसरा प्रश्न येणारच. येथे मतांच्या वादात शिरू नये. आपल्या वर्गात काय पाहिले तेवढे सांगावे. ‘हे मी तपासलेले नाही’ हे वाक्य निःसंकोच वापरावे. एखादे ज्येष्ठ प्रश्न न विचारता स्वतःचाच अनुभव सांगू लागले, तर तो ऐकून घ्यावा, लिहून घ्यावा आणि पुढच्या हाताकडे वळावे.

सावधान: प्रश्नांच्या ओघात एखाद्या मुलाचे नाव, त्याची जात, घरची परिस्थिती किंवा अपंगत्व तोंडून निघते. सभागृहात त्याच गावचे कोणी बसलेले असू शकते.

टप्पा ९: परतल्यावरचा आठवडा

आलेले प्रश्न त्याच संध्याकाळी लिहून काढावेत. पुढील चाचणीत कोणत्या संख्या घ्यायच्या हे बहुधा त्यांतूनच ठरते. ज्यांनी साहित्य मागितले त्यांना चाचणीचे दोन्ही संच पाठवावेत, छायाचित्रे पाठवू नयेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाच्या संधींत भाग घ्यावा अशी अपेक्षा आहे, म्हणून उपस्थितीच्या प्रमाणपत्राची प्रत शाळेच्या दप्तरी लावावी. ज्या मुलांच्या मूळ वह्या सोबत नेल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी परिपाठ संपताच ज्याच्या त्याच्या हातात द्याव्यात, कारण त्या दिवसाचा गृहपाठ त्यांना त्याच वहीत लिहायचा असतो.